दोन हजारांच्या गावात निनावी कसं राहायचं

मागच्या पावसाळ्यात आमच्या बाजूच्या गावातल्या एका पोराने फेसबुकवर पेज काढलं. पेजला नाव गावाचं, फोटो मारुतीच्या पाराचा, स्वतःचं नाव कुठेच नाही. पहिलीच पोस्ट पांदण रस्त्याची होती. कागदोपत्री खडीकरण झालेला रस्ता, आणि फोटोत गुडघाभर गाऱ्यात फसलेली बैलबंडी. सकाळी साडेसातला पोस्ट पडली. दुपारचे बारा वाजायच्या आत त्याच्या घरापुढे दोन मोटारसायकली उभ्या. शिवीगाळ नाही, हातघाई नाही. बापाला एवढंच म्हणाले, "काकाजी, पोट्ट्याले समजावून सांगा. कायले फुकटचं वैर घेऊन राहिला तो?" रात्री बापाने मोबाइल काढून घेतला आणि पेज बंद झालं.

दोन दिवसांनी तो माझ्या दुकानात आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, घरकुलाची यादी, सगळं इथेच होतं. त्याचा प्रश्न एकच होता: "ताई, यायले कोनं सांगतलं असन? माहा मोबाइल हॅक केला का?"

त्याच्याकडे पोस्टचा स्क्रीनशॉट होता. तो आम्ही दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर लावून पाहिला. हॅक वगैरे काही झालं नव्हतं. फोटो त्यांच्याच वावराच्या धुऱ्यावर उभं राहून काढलेला. रस्ता त्या बाजूने दुसऱ्या कुठूनही तसा दिसत नाही. डाव्या कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली रचून ठेवलेले स्प्रिंकलरचे पाइप, तेही त्यांचेच. बंडी काकाची. जुवातल्या उजव्या बैलाचं शिंग खाली वळलेलं, आणि तो बैल अख्खं गाव ओळखतं. पहिलं लाईक मावसभावाचं, दुसरं जावयाचं. आणि 'ग्रामपंचायत' हा शब्द त्याने 'ग्रामपंच्यायत' असा लिहिला होता. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो शब्द असा लिहिणारा एकच माणूस आहे.

पोरगा गप्प झाला. मला मात्र तेव्हापासून हा विषय नीट उलगडून सांगावासा वाटतो. मोबाइल जपून वापरा म्हणून जे सांगितलं जातं, ते बहुतेक ओटीपीबद्दल आणि पैशांच्या फसवणुकीबद्दल असतं. ते हवंच. पण गावात ज्याला नाव न देता चार शब्द लिहायचे आहेत, मग ते रस्त्याबद्दल असोत, दारूच्या दुकानाबद्दल असोत की स्वतःच्या दुखण्याबद्दल, त्याला चोरापेक्षा शेजाऱ्याची धास्ती जास्त असते. आणि शेजाऱ्याला कॉम्प्युटर लागत नाही. तो वजाबाकी करतो.

ही वजाबाकी कशी चालते ते पाहा. समजा गावात दोन हजार माणसं आहेत. कोणी मनात एक माणूस धरला, आणि तुम्ही फक्त 'हो' किंवा 'नाही' उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. बाई आहे का? हजार उरले. चाळिशीच्या आतली का? पाचशे. वरच्या मोहल्ल्यातली का? अडीचशे. दर प्रश्नाला माणसं निम्मी होत गेली, तर अकराव्या प्रश्नाला एकच उरते. भारतातल्या १४० कोटींतून एक माणूस शोधायला असे ३१ प्रश्न लागतात, जगातल्या ८०० कोटींतून शोधायला ३३. म्हणजे देशातून तुमच्या गावाच्या वेशीपर्यंत यायलाच २० प्रश्न खर्ची पडतात. पोस्टमध्ये गावाचं नाव लिहिलं की त्या वीसही प्रश्नांची उत्तरं तुम्ही एका शब्दात देऊन मोकळे होता. मुंबईच्या माणसाने 'मी मुंबईचा' असं लिहिलं तरी त्याच्या मागे कोटीभर माणसं उरतात. त्या गर्दीत तो सहज लपतो. आपल्या मागे दोन हजार उरतात, आणि त्यातल्या निम्म्यांशी आपलं काही ना काही नातं निघतं.

म्हणून निनावी राहायचं असेल तर नाव लपवलं का, एवढं विचारून भागत नाही. हे वाचल्यावर 'ही कोण असेल' म्हणून किती जणांची नावं समोर येतील, ते मोजायचं.

एका ताईचं उदाहरण देते. तिला विचारूनच देते आहे आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे. तिला बायकांच्या एका मोठ्या फेसबुक ग्रुपवर नाव न दाखवता प्रश्न विचारायचा होता. मोबाइलवर लिहून आणलं होतं, मी फक्त शुद्धलेखन पाहावं म्हणून माझ्या हातात दिलं. असं होतं ते: "मी ३४ वर्षांची आहे. दिग्रसजवळच्या गावात राहते. मला दोन मुली आहेत. दोन वर्षांपूर्वी यवतमाळला गर्भपिशवी काढली. मिस्टर ट्रॅक्टर चालवतात. तेव्हापासून अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, चिडचिड होते. सासूबाई म्हणतात नाटकं करते. काय करावं?"

आता वजाबाकी करा. गावात बाया हजार. तिशी-पस्तिशीतल्या समजा ऐंशी. त्यात दोन मुलीच असलेल्या, मुलगा नसलेल्या, दहा-बारा. नवरा ट्रॅक्टरवर असलेल्या दोन. पिशवीचं ऑपरेशन झालेली एक. नाव कुठेच नाही, तरी पाच वाक्यांत आपण तिच्या अंगणात पोचलो. ग्रुप महाराष्ट्रभराचा आहे म्हणून ती निर्धास्त होती. पण तिथे तिच्या गावची एकच बाई असली तरी पुरे.

मी तिला विचारलं, डॉक्टरांना उत्तर द्यायला यातलं काय काय लागेल? वय लागेल, पण ३४च असं नाही. तिशी-पस्तिशी म्हटलं तरी चालतं. ऑपरेशन लागेल, त्याला साधारण किती काळ झाला ते लागेल, त्रास काय होतो ते लागेल. दिग्रस, यवतमाळ, ट्रॅक्टर, मुली यांचं काही काम नाही. उलट जे खरोखर हवं होतं तेच लिहायचं राहिलं होतं: पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली की ठेवली? अंडाशयं काढली तर पाळी जाण्याच्या वयातला त्रास एकदम सुरू होतो, म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार. तिने हातातल्या थैलीतून डिस्चार्ज कार्ड काढलं, आम्ही वाचलं, आणि ती ओळ घातली. असं फार वेळा दिसतं. आपण घरची हकीकत सांगावी तसं लिहीत जातो, त्यामुळे ओळख पटवणाऱ्या गोष्टी भरपूर येतात आणि कामाची गोष्ट राहून जाते.

सासूबाईंचं वाक्य काढताना मात्र तिचे डोळे भरले. तेच तर तिला कोणाला तरी सांगायचं होतं. मी म्हटलं, ते मला सांग. मग आम्ही चहा घेतला आणि ती अर्धा तास बोलली. काही गोष्टी एका माणसाच्या कानात सांगायच्या असतात, हजारांच्या ग्रुपवर नाव झाकून टाकायच्या नसतात, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. फेसबुकच्या ग्रुपमध्ये 'निनावी पोस्ट' म्हणून जी सोय असते, ती इतर सदस्यांपुरती असते. ग्रुपच्या ॲडमिनला नाव दिसतं. म्हणून ॲडमिन कोण आहे, कुठली आहे, हे आधी पाहावं. जिल्ह्याच्या ग्रुपची ॲडमिन तुमच्या नणंदेची मैत्रीण निघू शकते.

ही वजाबाकी याद्या जुळवूनही करता येते. अमेरिकेत लतान्या स्वीनी नावाच्या संशोधक आहेत. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी अभ्यासासाठी खुल्या केल्या होत्या, नावं काढून. जन्मतारीख, बाई की पुरुष, आणि पिन कोड तेवढा ठेवला होता. स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख त्या यादीत सहा जणांची होती. त्यात पुरुष तीन. त्यांच्या पिन कोडमध्ये राहणारा एकच. गव्हर्नरांच्या आजारपणाचा सगळा कागद नावासकट उभा राहिला. पुढे १९९०च्या जनगणनेवरून त्यांनी हिशोब मांडला, की या तीनच गोष्टी माहीत असल्या तर अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी वेगळी काढता येतात.

आपल्याकडे तर यादी विकतही घ्यावी लागत नाही. मतदार यादीत नाव, वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, घर क्रमांक असतो आणि ती कोणालाही डाउनलोड करता येते. रोजगार हमीच्या जॉबकार्डांची गाववार यादी नेटवर आहे. गट नंबर टाकला की सातबारा दिसतो. हे पारदर्शक असावं म्हणूनच खुलं ठेवलं आहे, आणि ते बरोबरच आहे, कारण गावातली बोगस नावं त्यातूनच उघडी पडतात. पण 'माझी दोन एकर कोरडवाहू, आईच्या नावावर, नाल्याकाठी' एवढं लिहिलं तर समोरचा माणूस दहा मिनिटांत गट नंबरापर्यंत पोचतो, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात असावं.

आता मोबाइल नंबर. माझ्या मते गावात ओळख फुटण्याचं सगळ्यात मोठं भगदाड हेच. व्हॉट्सॲपच्या नेहमीच्या ग्रुपमध्ये शिरलात की प्रत्येक सदस्याला तुमचा नंबर दिसतो. नंबर कळला की नाव कळायला काय लागतं? पैसे पाठवायच्या ॲपमध्ये तो नंबर टाका, रुपयाही न पाठवता बँकेतलं नाव समोर येतं. प्रोफाइलला गुलाबाचं फूल लावून आणि नावाच्या जागी टिंब ठेवून काही होत नाही. व्हॉट्सॲपवरच लिहायचं असेल तर ग्रुपपेक्षा चॅनेल बरं. तिथे चालवणाऱ्याचा नंबर वाचणाऱ्यांना दिसत नाही. टेलिग्राममध्ये 'माझा नंबर कोणाला दिसावा' याची सेटिंग असते, तिथे 'कोणालाच नाही' करावं. त्याच्याच खाली 'नंबरवरून मला कोण शोधू शकतं' असं वेगळं विचारलेलं असतं, ते बहुतेक जण बदलायचं विसरतात. सिग्नल या ॲपने २०२४पासून नंबर लपवून नुसत्या युजरनेमवर बोलायची सोय केली आहे.

नवं खातं काढतानाही नंबरच घात करतो. आपण वेगळ्या नावाने खातं काढतो, पण त्याच नंबरवर. मग ॲप विचारतं, कॉन्टॅक्ट पाहू का? आपण घाईत 'हो' दाबतो. दुसऱ्या दिवशी आपल्या मामेभावाच्या मोबाइलवर 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून तेच खातं झळकतं. कॉन्टॅक्टची परवानगी नाकारायची, आणि 'माझं खातं इतरांना सुचवा' हे बटण शोधून बंद करायचं. जमल्यास खातं नव्या ईमेलवर काढावं. पासवर्ड विसरलो असं दाबल्यावर बरीच ॲपं नोंदवलेल्या नंबराचे शेवटचे दोन आकडे दाखवतात. दोन आकडे म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पुन्हा तोच हिशोब: गावात हजार नंबर असतील तर शेवटचे दोन आकडे जुळणारे साधारण दहाच निघतात. कोणी म्हणेल, मग दुसऱ्याच्या नावावर सिम घेऊ. ते अजिबात करू नका. २०२३च्या दूरसंचार कायद्यात खोट्या ओळखीवर सिम घेण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.

फोटोच्या पोटात काय दडलेलं असतं, ते दुकानात मी कित्येकांना दाखवते. मोबाइलने फोटो काढला की चित्राबरोबर एक चिठ्ठीही त्याच फाइलमध्ये जाते: कोणत्या कंपनीचा कोणता मोबाइल, तारीख, वेळ, आणि कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा. २०१२ साली जॉन मॅकॅफी हा अँटीव्हायरसवाला पोलिसांना चुकवत फिरत होता. त्याच्याबरोबर फिरणाऱ्या पत्रकारांनी त्याचा फोटो छापला, चिठ्ठी न काढता, आणि तो ग्वाटेमालात नेमका कुठे आहे ते जगाला कळलं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ही चिठ्ठी गळून पडते. पण फोटो फाटू नये म्हणून आपण 'डॉक्युमेंट' करून पाठवतो ना, तेव्हा ती जशीच्या तशी जाते. बातमीदाराला फोटो पाठवताना नेमकं हेच होतं, कारण त्यालाही फोटो चांगला हवा असतो. सोपा उपाय म्हणजे फोटोचा स्क्रीनशॉट काढायचा आणि तो कापून पाठवायचा. मूळ फोटोतलं लोकेशन त्यात येत नाही. कॅमेऱ्याचं लोकेशन कायमचं बंद ठेवलं तर त्याहून बरं.

स्क्रीनशॉटमध्ये नाव झाकायला लोक मोबाइलमधलं काळं मार्कर फिरवतात. ते मार्कर बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतं. फोटोचा उजेड वाढवला की खालची अक्षरं वर येतात. मी दुकानात असे दोन-तीन जणांचे 'झाकलेले' आधार नंबर त्यांच्यासमोर वाचून दाखवले आहेत. झाकायचं असेल तर घट्ट काळा चौकोन ठेवावा, नाही तर तो भाग कापूनच टाकावा. वरच्या पट्टीतली वेळ, मोबाइल कंपनीचं नाव, मधेच आलेली नोटिफिकेशन, हेही कापावं.

पण गावात चिठ्ठीपेक्षा चित्रच जास्त बोलतं. ग्रामसभेतला फोटो असेल तर तो कुठून काढला यावरून कोण कुठे बसलं होतं ते लोक लगेच आठवतात. घरून काढला असेल तर मागची भिंत, कोठ्यातली गाय, दोरीवरचं लुगडं, मुलांच्या शाळेचा ड्रेस. त्या पोराला मी म्हटलं, तोच रस्ता चार दिवसांनी, बसथांब्याच्या बाजूने, सगळे जातात-येतात तिथून काढला असतास तर? फोटो तेवढाच खरा, पण काढणारे दोनशे.

लिहिण्याच्या ढंगावरूनही ओळख पटते, आणि हे मला सगळ्यात नाजूक वाटतं. अमेरिकेत टेड काझिन्स्की नावाचा माणूस १९७८पासून लोकांना बॉम्ब पाठवायचा. १७ वर्षं तपास यंत्रणांना तो सापडला नाही. १९९५मध्ये त्याचा लांबलचक लेख वर्तमानपत्रात छापून आला, आणि वाक्यांची धाटणी पाहून त्याच्या भावाला आणि भावजयीला संशय आला. पुढच्या वर्षी तो पकडला गेला. तो पकडला गेला हे चांगलंच झालं. माझा मुद्दा एवढाच, की यंत्रणेला जे जमलं नाही ते घरच्यांना जमलं.

आता आपलं पाहा. राज्यभराच्या ठिकाणी 'मले', 'तुले', 'जाऊन राहिलो' लिहिलं की महाराष्ट्राच्या सव्वाअकरा कोटींतून, म्हणजे २०११च्या जनगणनेच्या आकड्यातून, विदर्भातले सुमारे दोन कोटी तीस लाख उरले. डोळ्याला 'डोया' लिहिलं की वऱ्हाडच्या बाजूचा. हे गर्दी आटवतं खरं, पण तरी गर्दी मोठीच राहते. गावातल्या गावात मात्र सगळेच असं बोलतात, त्यामुळे बोलीने कोणी ओळखू येत नाही. तिथे माणूस कळतो तो त्याच्या एकट्याच्या सवयींवरून. दर वाक्यानंतर तीन टिंबं. ठरलेली इमोजी. सुरुवातीला 'राम राम', 'जय भीम' की 'जय गुरु', कारण त्यावरून निम्मं गाव वजा होतं. आपली बोली सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. ती माझीही आहे. पण ज्या दिवशी ओळख झाकायची आहे त्या दिवशी साधी, शाळेच्या पुस्तकातली, छोटी वाक्यं लिहावीत आणि दुसऱ्या कोणाला तरी, गावाबाहेरच्या माणसाला, आधी वाचायला द्यावीत. आणि आवाज तर कधीच पाठवू नये. आपल्याकडे माणूस खोकल्यावरूनही ओळखतात.

एवढं करूनही एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट असावी: आपण कोणापासून लपतो आहोत? वर सांगितलेलं सगळं शेजारी, नातेवाईक, गावचे पुढारी यांच्यापुरतं आहे. ज्या कंपनीच्या ॲपवर लिहितो तिला आपला नंबर, मोबाइल आणि आयपी पत्ता, म्हणजे आपण नेटवर कुठून आलो त्याचा क्रमांक, माहीत असतो. पोलिसांनी कायदेशीर मार्गाने मागितलं तर कंपनी आणि मोबाइल नेटवर्कवाले ते देतात. 'इन्कॉग्निटो' खिडकीने फक्त आपल्या मोबाइलमधली नोंद राहत नाही, बाहेर सगळं दिसतं. व्हीपीएनचं, म्हणजे आयपी पत्ता झाकणाऱ्या सोयीचं म्हणाल तर भारतात व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवावी, असा सरकारचा २०२२चा आदेश आहे; आणि शेजाऱ्यासमोर त्याचा तसाही उपयोग नाही, त्याने तर बैल पाहून ओळखलं.

कायद्याची बाजू दोन्हीकडून समजून घ्यावी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याआधी २०१५मध्ये कोर्टाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ हे कलम रद्द केलं. नुसती कोणाला त्रासदायक वाटली म्हणून पोस्टवर त्या कलमाखाली अटक व्हायची. म्हणजे नाव न देता रस्त्याचा फोटो टाकणं हा गुन्हा नाही. पण खोटा आरोप केला तर बदनामीचा खटला निनावी माणसावरही होतो. आणि धमकी असेल तर निनावीपणा उलटा अंगावर येतो: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१मध्ये नाव लपवून धमकी देणाऱ्याला मूळ शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं, मोजलं, तेवढंच लिहावं. 'सरपंच चोर आहे' हे सिद्ध करणं अवघड. 'रस्त्यावर खडी नाही' हे कोणीही जाऊन पाहू शकतं.

सगळं काही पोस्टवरच मांडायला हवं असंही नाही. सत्येंद्र दुबे हे नाव आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, आणि ते माहीत असायला हवं. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात तरुण इंजिनिअर होते. रस्त्याच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते पत्र नावासकट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर, २००४मध्ये, सरकारने तक्रारदाराची ओळख जपणारी एक पद्धत ठरवली. तिला पीआयडीपीआय म्हणतात. तक्रार बंद पाकिटात केंद्रीय दक्षता आयोगाकडे पाठवायची, पाकिटावर पीआयडीपीआय असं लिहायचं, नाव-पत्ता फक्त आत. आयोग नाव झाकून पुढची चौकशी करतो. आतही नाव नसेल तर मात्र तक्रार घेत नाहीत. ही सोय केंद्राच्या कार्यालयांसाठी आणि सरकारी बँकांसाठी आहे, म्हणजे पीककर्जासाठी बँकेत कोणी हात ओले करायला सांगत असेल तर चालते, ग्रामपंचायतीला चालत नाही. राज्यातल्या सरकारी माणसाने लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे.

ग्रामपंचायतीसाठी माहितीचा अधिकार. त्या कायद्याच्या कलम ६(२)मध्ये लिहिलं आहे, की अर्जदाराला कारण विचारता येत नाही आणि संपर्कापुरती सोडून बाकी खासगी माहिती मागता येत नाही. घराच्या पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स नंबर दिला तरी चालावं, असं कलकत्ता हायकोर्टाने २०१३मध्ये सांगितलं आहे. आणि ज्या गावची माहिती हवी त्याच गावच्या माणसाने अर्ज करावा, असं कायद्यात कुठेही नाही. भारताचा कोणताही नागरिक भारतातल्या कोणत्याही ग्रामपंचायतीला विचारू शकतो.

हे शेवटचं वाक्य मी त्या पेजवाल्या पोराला सांगितलं, तसा तो उठून उभाच राहिला. त्याचा कॉलेजातला एक मित्र नागपूरला राहतो, आडनाव वेगळं, जात वेगळी, या गावात कधी पाऊल टाकलेलं नाही. त्याने आपल्या नावाने अर्ज केला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. पांदण रस्त्याचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागितली. आमच्या पोराने एकच पथ्य पाळलं, आणि मला तेच सगळ्यात अवघड वाटत होतं: घरातसुद्धा कोणाला सांगितलं नाही. वीस वर्षांच्या पोराला आपण केलेलं काम चार मित्रांना न सांगता महिनाभर पोटात ठेवणं सोपं नसतं.

कागद दिवाळीनंतर आले. मोजमाप पुस्तिकेच्या पानावर खडीचा थर, लांबी, रुंदी, सगळं निळ्या शाईत व्यवस्थित भरलेलं होतं. नागपूरच्या मित्राने ती पानं दुसऱ्या एका ओळखीतून गावातल्या तीन-चार वयस्कर शेतकऱ्यांपर्यंत पोचवली. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशी त्यातले एक काकाजी माझ्या दुकानात आले. पानं काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "बाई, याच्या चाळीस झेरॉक्स काढून दे." मी काढल्या. कागद कुठून आले, मी विचारलं नाही; त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत चाळीस जणांच्या हातात तेच पान होतं. कोणी आणलं म्हणून विचारणा झाली तेव्हा प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. रस्त्याची पुन्हा मोजणी करायची असं सभेच्या वहीत लिहून घेतलं आहे. खडी अजून पडलेली नाही.